पुष्पाबाईंचा उजवा हात

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत पुष्पाबाईंना सगळे 'सिस्टर' म्हणायचे, आणि त्या प्रत्येकाला थांबवून सांगायच्या, "मी सिस्टर नाही हो. नर्सिंग असिस्टंट आहे. सुई मी टोचत नाही, औषध मी ठरवत नाही." लोक हो म्हणायचे आणि पुढच्या वेळी परत सिस्टर म्हणायचे. कुणाच्या म्हाताऱ्याला अंथरुणावर पडून पाठीला जखमा झाल्या, कुणाची बाळंतीण ताप घेऊन पडली, की गल्ली त्यांच्याच दारात जायची.

मी मूळची जालन्याकडची. नवऱ्याला कापडाच्या लूमवर काम मिळालं म्हणून लेक मयुरीला घेऊन सुरतेला आले आणि पुष्पाबाईंच्या शेजारची खोली आम्हाला भाड्याने मिळाली. मी घरी बसून साड्यांना लेस लावते. दुपारी ड्युटीवरून आल्या की त्या माझ्या उंबऱ्यात टेकायच्या आणि दोरे तोडायला लागायच्या. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं त्यांनी तिथेच बसून मला सांगितलं, काही मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या खानदेशातल्या पारोळ्याकडच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा नवरा, उखाभाऊ, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये नुकते लागले होते. पुष्पाबाई जवळच्या एका खासगी दवाखान्यात झाडूपोछाला जायला लागल्या. तिथल्या एका जुन्या सिस्टरने त्यांना एका लकवा झालेल्या बाईचं तोंड धुताना पाहिलं आणि कोर्स करायला लावला. लेक हर्षदा तेव्हा पोटात होती. निळा ड्रेस पहिल्यांदा घातला त्या दिवशी उखाभाऊंनी पेढे वाटले होते, असं जुने लोक सांगतात.

काम कसलं म्हणाल तर सगळं अंगमेहनतीचं. पेशंटला पुसून काढायचं, नळीने पातळ भरवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, तासातासाने कूस बदलायची. त्यांची एक सवय मला फार आवडायची. पेशंट शुद्धीवर नसला तरी त्याला हात लावण्याआधी त्या सांगायच्या, "आता कुशीवर घेते हं. थंड लागेल थोडं." बाकीच्या हसायच्या. त्या म्हणायच्या, "आपल्याला कुणी न सांगता उलटंपालटं केलं तर चालेल का?"

मग त्यांनाच आजार झाला. आंघोळ करताना उजव्या छातीत गाठ लागली. रोज दवाखान्यात जाणारी बाई, पण तीसुद्धा इतर बायकांसारखीच 'बघू, बघू' करत राहिली. सरकारी दवाखान्यात दाखवलं तेव्हा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो. केस गेले, नखं काळी पडली. उखाभाऊ कामावरून आल्यावर रंगाने माखलेल्या हातांनी कुकर लावायचे. हर्षदा कॉलेजात होती, ती आईजवळ पुस्तक घेऊन बसायची.

त्या यातून उठल्या, पण उजवा हात सुजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, काखेतल्या गाठी काढल्या की असं होतं. हा हात आता आयुष्यभर जपायचा. जड उचलायचं नाही, झटका द्यायचा नाही.

कामावर परत गेल्या तेव्हा दवाखान्याच्या मॅनेजरने एकच विचारलं. वॉर्डात उचलाउचली असते, जमेल का? नसेल जमत तर मोकळेपणी सांगा, आम्ही दुसरी बाई बघू.

पुष्पाबाई म्हणाल्या, "जमतं."

मी त्यांना विचारलं होतं, असं का सांगितलंत म्हणून. त्या माझ्या सुईकडे बघत राहिल्या. "घरी बसले तर मी नुसती आजारी बाई होईन गं," त्या म्हणाल्या. "तिथे गेले की निदान दुसऱ्या कुणाचं तरी आजारपण असतं."

पूर्ण बाह्यांचा ड्रेस त्यांनी शिवून घेतला. सूज आली की बाही घट्ट व्हायची, म्हणून उजवी बाही जरा सैल ठेवली. आधी बायकांच्या वॉर्डात दोघी असायच्या. पुष्पाबाई रजेवर होत्या तेवढ्यात दुसरीला खालच्या मजल्यावर पाठवलं होतं, ती परत आलीच नाही. वॉर्डात त्या एकट्याच उरल्या. जड पेशंटला दोघींनी मिळून उठवायचं हा दवाखान्याचाच नियम होता. पण मॅनेजरला सांगायला गेलं तर तो म्हणायचा, थोडे दिवस चालवून घ्या. आणि पुष्पाबाईंना जास्त बोलायचीही भीती. दुसरी बाई मागितली तर तो विचारणार, का, तुम्हाला जमत नाही का?

त्याच दिवसांत सखुबाई त्या वॉर्डात आल्या. अमळनेरकडची थोराड बांध्याची म्हातारी. छातीत न्यूमोनिया झाला होता. मुलगा छगन रिक्षा चालवायचा, सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायचा. सगळा वॉर्ड गुजराती नाहीतर हिंदी बोलणारा, आणि म्हातारीला घरातल्या अहिराणीशिवाय काही बोलता येत नव्हतं. पहिल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुष्पाबाईंनी नेहमीसारखं सांगितलं, पण आपल्या माहेरच्या अहिराणीत, "माय, आते कुशीवर ली ऱ्हायनू हा."

म्हातारीने वळून पाहिलं. "अवं, तू आपली शे?"

तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीही नको असायचं. पुष्पाबाई तिची वेणी घालायच्या, भाकरी दुधात कुस्करून भरवायच्या. भरवतानाच म्हातारीला बाहीच्या टोकाशी सुजलेलं मनगट दिसलं. "तुना हातले काय व्हयनं?" तिने विचारलं. पुष्पाबाई म्हणाल्या, डास चावला. म्हातारी पुढे काही बोलली नाही.

सखुबाईंची तब्येत सुधारत होती. घरी सोडायचं बोलणं चालू होतं. त्या सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड व्हायचा होता आणि म्हातारीला संडासला लागली. तिला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घ्यायचं होतं. पुष्पाबाईंचा हात आदल्या दिवसापासून ठणकत होता, बोटं मिटत नव्हती. त्यांनी मुख्य सिस्टर हंसाबेनना हाक मारली, कुणाला तरी पाठवा म्हणून.

हंसाबेन राउंडच्या गडबडीत होत्या. एकटीनेच घ्या म्हणून लांबूनच ओरडल्या, "एकला लई लो ने, पुष्पाबेन! राउंड आवे छे!"

पुष्पाबाईंनी म्हातारीला सांगितलं, "माय, मना गळाले धर." तिच्या काखांखाली दोन्ही हात घातले आणि तिला उभं केलं. म्हातारी उभी राहिलीही. खुर्चीकडे वळवताना सगळा भार उजव्या हातावर आला आणि हातातली ताकदच गेली. पुष्पाबाई म्हणायच्या, "दुखलंसुद्धा नाही गं. हात तिथे नव्हताच, असं झालं." म्हातारी एका अंगावर फरशीवर पडली. तिचा आवाज ऐकून हंसाबेन धावत आल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

मॅनेजरने पुष्पाबाईंना खोलीत बोलावलं. हंसाबेनही तिथे होत्या, पण खाली बघत होत्या. मॅनेजर शांतपणे बोलला. पेशंट स्वतःच उठायला गेली, तुम्ही दुसऱ्या खाटेजवळ होतात, असंच सांगा, आम्हीही असंच सांगणार आहोत. तुमचा आजार आम्हाला माहीत आहे. पण हात असा आहे हे तुम्ही लपवलंत. बाहेर कळलं तर सगळ्यात आधी तुमच्यावर येईल.

पुष्पाबाईंनी मान हलवली. पण मनात त्यांनी ठरवलं होतं, छगन आला की खरं सांगून टाकायचं.

छगन आला तो घामाघूम होऊन. रिक्षा रस्त्यातच सोडून आला होता. खाटेशी वाकून त्याने विचारलं, "माय, कशी काय पडनी तू?" पुष्पाबाई पुढे झाल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हातारी बोलली.

"मी सोताच उठनू, नि पडनू. पोरीना काय दोस नही."

आणि छगनने पुष्पाबाईंपुढे हात जोडले. "ऐकत नाही हो ती कुणाचं. तुम्हाला उगाच त्रास."

पुष्पाबाईंची जीभ उचलली नाही.

दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर त्यांनी म्हातारीला विचारलं, माय, खोटं का बोललीस? सखुबाईंनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला. "तुले कामवरथीन काढी टाकतीन," ती म्हणाली. तुला कामावरून काढून टाकतील. मग म्हणाली, तिच्या तरुणपणी ती ताप अंगात घेऊन लोकांच्या शेतात कापूस वेचायची, मुकादमाला दिसू नये म्हणून वाकूनच राहायची. तिला सगळं कळतं. "आते कोनले सांगू नको."

सखुबाईंचं ऑपरेशन झालं, पण त्या परत बसल्या नाहीत. पडून राहिल्याने छाती पुन्हा भरली. दुखणं इतकं, की कूस बदलायची म्हटलं तरी त्या पुष्पाबाईंचा डावा हात घट्ट धरायच्या. उजव्याला हात लावत नव्हत्या. शेवटचे दिवस त्यांना धड बोलताही येत नव्हतं. एका दुपारी त्या गेल्या. पुष्पाबाईंनी त्यांचे डोळे मिटले, हनुवटीला पट्टी बांधली, वेणी घातली. तेव्हाही त्या सवयीने सांगतच होत्या, माय, आता डोकं उचलते हं. छगन दारात उभा राहून बघत होता.

दहावा झाल्यावर छगन आणि त्याची बायको वॉर्डात आले. हातात साडी होती. सगळ्यांसमोर छगन म्हणाला, "मायला लेक नव्हती. लेकीचं सगळं तुम्ही केलं. नाही म्हणू नका."

हंसाबेन म्हणाल्या, घ्या ना पुष्पाबेन, प्रेमाने आणली आहे. पुष्पाबाईंनी घेतली.

त्या तशाच माझ्याकडे आल्या. मी लेस लावत होते. त्यांनी साडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मयुरीची आई, ही तू ठेव. माझ्या घरात नको." आणि मग आत्तापर्यंत सांगितलं ते सगळं बोलून गेल्या. रडल्या नाहीत. केमोच्या वेळी बेसिनपाशी उभ्या राहायच्या, तसा चेहरा झाला होता.

घरात त्यावरून भांडण झालं. मधली भिंत पातळ, मला ऐकू येत होतं. उखाभाऊ म्हणत होते, "सांगून म्हातारी परत येणार आहे का? तिनेच सांगू नको म्हटलं ना? तिचं तरी ऐक." हर्षदा घाबरून म्हणत होती, "मम्मी, ते केस करतील. पोलीस येतील." मग पुष्पाबाई म्हणाल्या, "ती माझ्यासाठी खोटं बोलली, ते तिचं मोठेपण. दवाखाना स्वतःसाठी खोटं बोलतोय. आणि मी दोन्हींच्या आड लपून तिच्या पोराकडून साडी घेतली."

उखाभाऊ वाईट माणूस नव्हते. बायकोला एकदा मरणाच्या दारातून आणलं होतं. आणखी काही सोसायची त्यांची तयारी नव्हती, एवढंच.

रविवारी दुपारी पुष्पाबाईंनी मला ती साडी घेऊन सोबत यायला सांगितलं. छगनचं घर आमच्यापासून फार लांब नव्हतं. दाराशी रिक्षा उभी होती, तो फडक्याने काच पुसत होता. आम्हाला बघून त्याला आनंदच झाला. बायकोला चहा टाकायला सांगितला. पुष्पाबाई म्हणाल्या, चहा नको, आधी ऐका. आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. हात कसा आहे, तो कसा लपवला, एकटीने का उचललं, मॅनेजर काय म्हणाला, म्हातारी काय म्हणाली. स्वतःची बाजू वेगळी काढून सांगितली नाही आणि दवाखान्याचीही झाकली नाही.

छगन फडकं हातात धरून उभाच होता. तो म्हणाला, "म्हणजे माझी आई मेली ती तुमच्या हातून पडून."

"हो."

"आणि मी तुम्हाला हात जोडले."

त्याने फडकं रिक्षाच्या सीटवर टाकलं.

"तुम्हाला सांगायचंच होतं तर ती जिवंत असताना का नाही सांगितलं? मी तिला दुसरीकडे नेलं असतं!"

पुष्पाबाईंनी साडी त्याच्यापुढे धरली. त्याने हात पुढे केला नाही. शेवटी त्याच्या बायकोने ती घेतली आणि म्हणाली, "आता जा तुम्ही." आम्ही निघालो. वळणावर पुष्पाबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या.

छगन दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेला. तिथे आरडाओरडा झाला. मॅनेजरने सगळं पुष्पाबाईंवर ढकललं. तिने हाताचं दुखणं लपवलं, आमची फसवणूक केली. छगनने सगळ्यांसमोर पुष्पाबाईंना पुढे बोलावलं आणि म्हणाला, काल जे सांगितलं ते इथे सांगा. त्यांनी सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "तुम्ही स्वतःच म्हणाला होतात ना, जमतं म्हणून?"

"म्हणाले होते. ते खोटं होतं," पुष्पाबाई म्हणाल्या. "पण वॉर्डात दुसरी बाई नव्हती, हे खरं आहे. मी मदतीला बोलावलं होतं, हेही खरं आहे. हंसाबेनना विचारा."

सगळ्यांनी हंसाबेनकडे पाहिलं. हंसाबेन म्हणाल्या, मला काही आठवत नाही. त्यांनाही घरी दोन पोरं होती. पुष्पाबाईंनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. निळे ड्रेस धुऊन, इस्त्री करून त्या परत देऊन आल्या. छगनने केस केली नाही. कुणी म्हणालं दवाखान्याने त्याला समजावलं, कुणी म्हणालं त्याच्यात कोर्टाच्या खेपा घालायची ताकद नव्हती. खरं काय ते मला माहीत नाही. रिक्षा स्टँडवर कधी पुष्पाबाई दिसल्या तर तो तोंड फिरवून घ्यायचा. त्या मग पलीकडच्या रस्त्याने जायच्या, लांब पडला तरी.

त्या काही महिने घरी होत्या. गल्लीतले लोक अजून बोलवायचे, पण त्या आता जखम बघून फक्त सांगायच्या. कुणाला उचलायला पुढे व्हायच्या नाहीत. मग पाठ दुखायला लागली. आधी वाटलं बसून बसून दुखते. तपासलं तर आजार मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी उखाभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, पण पुष्पाबाईंनी त्यांचा चेहरा बघूनच ओळखलं. इतकी वर्षं त्यांनी नातेवाइकांचे तसेच चेहरे पाहिले होते.

हर्षदाने परीक्षा सोडली. पुष्पाबाईंना त्याचा फार राग आला, पण रागवायलाही दम लागायचा. मी आणि हर्षदा मिळून त्यांना पुसून काढायचो. गोळ्यांनी थोडा वेळ बरं वाटायचं. उखाभाऊंनी मिलमधली पाळी बदलून घेतली होती. ते सकाळी त्यांच्या पायाशी बसून राहायचे. काय बोलायचं ते त्यांना कळायचं नाही, म्हणून पेपर वाचून दाखवायचे, गुजराती पेपरातल्या बातम्या अडखळत अडखळत मराठीत करून.

अशाच एका सकाळी छगन आला. मी दार उघडलं. तो आत आला नाही, उंबऱ्यावरच चपला काढून उभा राहिला. आधी त्याने पुष्पाबाईंना ओळखलंच नसावं. मग खाली बसला, दाराजवळच.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "दवाखान्यातले म्हणायचे, आईला इंजेक्शनं दिलेली आहेत, तिला काही त्रास नाही. मी असायचो तेव्हा ती डोळे मिटून असायची. तुम्ही दिवसभर तिच्याजवळ होता. तिला फार दुखत होतं का?"

उखाभाऊंनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता तरी पुष्पाबाई नाही म्हणतील. एवढं खोटं कुणीही बोललं असतं. त्याच्यासाठी बोललं असतं.

पुष्पाबाईंनी श्वास गोळा केला. "हो," त्या म्हणाल्या. "दुखत होतं. कूस बदलताना फार दुखायचं. तुम्ही आलात की ती ओठ दाबून डोळे मिटायची, तुम्हाला कळू नये म्हणून."

छगन गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. मोठा माणूस इतका रडताना मी पाहिला नव्हता. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता, असं पुष्पाबाईंनी नंतर सांगितलं. हर्षदाने पाणी आणून ठेवलं. त्याने ते घेतलं नाही. रडणं थांबल्यावर शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, उठला, चपला घातल्या आणि गेला.

पुष्पाबाईंना दारापर्यंत दिसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "जाताना काही बोलला का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. सकाळ होती, उखाभाऊ दूध आणायला गेले होते, हर्षदा केस विंचरत होती. तिने मला हाक मारली. त्या गेलेल्या आहेत हे मी पोचायच्या आधीच तिला कळलं होतं. तिने आईचे हात सरळ केले, उजवा हात उशीवर ठेवला, जसा सूज उतरायला ठेवायचे तसा.

अंत्ययात्रेला गल्ली लोटली होती. दवाखान्यातून कुणी आलं नाही. छगनही आला नाही, त्याची बायको मात्र आली. हर्षदाजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि बायका उठल्या तेव्हा त्यांच्याबरोबर निघून गेली. उखाभाऊ काही दिवसांनी परत मिलमध्ये जायला लागले. संध्याकाळी घरी आले की ते अजूनही पहिल्यांदा आतल्या खाटेकडे बघतात, आणि मग हात धुवायला मोरीवर जातात.